एक मिलिमीटरचा हिशेब

एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी पडते. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारचे क्षेत्र सुमारे ९७७ हेक्टर. म्हणजे पर्जन्यमापकात जेमतेम दिसणारा एक मिलिमीटर गावाला जवळजवळ एक कोटी लिटर पाणी देऊन जातो. सहावीतल्या मुलाला हा गुणाकार येतो, आणि तो केला की पुढचा प्रश्न त्याचा तोच विचारतो: मग एवढे पाणी गेले कुठे?

हिवरे बाजारात याच प्रश्नावर दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. पाऊस किती झाला, विहिरींना पाणी किती आहे, हे पाहून कोणती पिके घ्यायची ते ग्रामसभा ठरवते. या कामात शाळेतली मुलेही असतात. शिक्षण म्हणून याचे मोल फार मोठे आहे, कारण इथले उत्तर पुस्तकात नसते आणि गुरुजींनाही आधी ठाऊक नसते. एरवी प्रयोगवहीत निष्कर्ष अगोदर उतरवला जातो आणि निरीक्षणे त्याला जुळवून घेतली जातात. अशा वहीत कुतूहलाला जागाच उरत नाही.

पर्जन्यमापक वर्गातही करता येतो. सरळ उभ्या बाजूंची प्लास्टिकची बाटली वरून कापायची, कापलेला भाग नरसाळ्यासारखा उलटा बसवायचा, बुडाच्या खोलगट भागात खडे टाकून शून्याच्या खुणेपर्यंत पाणी भरायचे आणि बाहेरून पट्टी चिकटवायची. झाडापासून, पागोळ्यांपासून दूर, उघड्यावर ठेवायची. दोन गटांचे आकडे हमखास वेगळे येतात. बाटली कलली होती का? वाऱ्याने थेंब बाहेर गेले का? की वाचणाऱ्याचा डोळा पाण्याच्या पातळीत नव्हता? या वादाला शिक्षकाने पूर्ण तास द्यावा. उपकरण सुधारण्याच्या कल्पना इथेच सुचतात, आणि सर्जनशीलतेसाठी वेगळा तास लावावा लागत नाही.

विहिरींचे कोडे याहून अवघड. शेजारच्या दोन विहिरींपैकी एक पौषात आटते, दुसरी चैत्रापर्यंत टिकते. खाली कठीण काळा पाषाण आहे की पाणी धरणारा मांजऱ्या खडक, हे शोधायला मुलांना विहिरीच्या कडेचे थर पाहावे लागतात आणि ती खोदणाऱ्या माणसांना विचारावे लागते. अकोले तालुक्यातल्या घाटघरला धो धो पाऊस आणि त्याच जिल्ह्याचा पूर्वभाग कोरडा का, हा प्रश्न मग नकाशावर सह्याद्रीची रांग दाखवून सोडवता येतो.

हवामान खात्याच्या पद्धतीप्रमाणे रोजची नोंद सकाळी साडेआठला होते. शाळेने ती वेळ पाळावी, सुटीतली पाळी मुलांनीच वाटून घ्यावी आणि वही पुढच्या वर्गाकडे सोपवावी. पाच वर्षांच्या नोंदी जमल्या की मुलांना आपल्या आकड्यांची जुन्या वर्गांच्या आकड्यांशी तुलना करता येते.