मागचं सगळं पुसलं म्हणजे फोटो झाला?

हल्ली होस्टेलवर कुणी कॅमेरा घेतला की पाठोपाठ ५० एमएम एफ/१.८ लेन्स येतेच. घरून जरा जास्त पैसे मिळाले तर एफ/१.४. मग डायल फिरवून आकडा सगळ्यात खाली आणायचा आणि गॅदरिंगपासून सज्जनगडापर्यंत सगळं त्याच आकड्यावर काढायचं! मागचं धूसर झालं की फोटो 'प्रोफेशनल', हा समज आता पक्का बसलाय. माझं मत असं की धूसर होणं वेगळं आणि शांत होणं वेगळं. पुष्कळदा धूसर झालेली पार्श्वभूमीच जास्त गोंगाट करते.

फर्स्ट इयरचं ऑप्टिक्स आठवून बघा (परीक्षेनंतर विसरलो असलो तरी!). फोकसबाहेरचा प्रत्येक बिंदू सेन्सरवर चकती होऊन उमटतो. फुल फ्रेम कॅमेरा, ५० एमएम लेन्स आणि दीड मीटरवर मित्र, असं धरा. एफ/१.४ ला दूरच्या दिव्याची चकती सेन्सरवर सुमारे १.२ मिलिमीटरची होते, एफ/४ ला साधारण ०.४ ची. स्पष्ट दिसणारी खोली एफ/१.४ ला जेमतेम ७-८ सेंटिमीटर, म्हणजे डोळा धारदार आणि कान गायब. एफ/४ ला तीच २० च्या वर जाते.

पण हा झाला फक्त चकतीचा आकार. ती दिसते कशी, हे लेन्सच्या घडणीवर ठरतं. गोलीय विपथन जरुरीपेक्षा जास्त सुधारलं असेल, तर चकतीची कड मधल्या भागापेक्षा उजळ होते आणि मागच्या प्रत्येक काडीच्या दोन काड्या दिसतात. फ्रेमच्या कडेला लेन्सची नळी प्रकाश अडवते, म्हणून तिथल्या चकत्या लिंबाच्या फोडीसारख्या होतात. काही अ‍ॅस्फेरिकल भिंगांमुळे चकतीत कांद्यासारखी वलयं येतात. महागडी लेन्स घेतली तरी यातून सुटका होईलच असं नाही.

आपल्या भागात याची परीक्षा घ्यायची तर उसाचा फड बघावा. कृष्णाकाठी फडाला पाठ लावून कुणाला उभं करा. पात्यांच्या फटीतून येणारं ऊन आणि लांब, सरळ पाती दोन-तीन हातांवरच असतात. ती पूर्ण विरघळत नाहीत, नुसती दुहेरी रेघोट्यांचं जाळं होतात. माणूस राहतो बाजूला, नजर रेघोट्यांत अडकते.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. मिरजेच्या सतारी आणि तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या कारागिराचा फोटो एफ/१.४ वर काढला तर भोपळे आणि अर्धवट वाद्यं तपकिरी डाग होऊन जातात. उरतो एक चेहरा, जो कुठल्याही गावचा असू शकतो. ज्या कामामुळे आपण फोटो काढायला गेलो, तेच आपण पुसून आलो! कासचंही तसंच. २०१२ पासून जागतिक वारशात असलेल्या पश्चिम घाटाचा हा भाग. सीतेच्या आसवांचं एकच फूल टिपून मागचा जांभळा गालिचा रंगाचा फराटा केला, तर ते पठार आहे की कुंडी, कळायचं कसं?

कुणी म्हणेल, मागे वाळत घातलेले टॉवेल दिसण्यापेक्षा धूसर बरं. कबूल. झाकली मूठ सव्वा लाखाची! तिथे उघडी लेन्स खरंच कामाची आहे. पण तेव्हाही आधी दोन पावलं सरकून बघावं. विषय पार्श्वभूमीपासून लांब आणावा, मागे उन्हाच्या कवडशांऐवजी सावली घ्यावी. तरी जमलं नाही तर एफ/२.८ किंवा एफ/४ करून बघावं. कासला मात्र पाय सरकवू नका, फक्त डायल सरकवा. चांगल्या अँगलसाठी फुलं तुडवणं हा कुठला छंद?

थोडक्यात काय, तर बटण दाबण्याआधी एकदा विषयाच्या मागे बघा. तिथे सांगण्यासारखं काही असेल तर ते दिसू द्या. फोटो बघणाऱ्याला माणसासोबत त्याचं गावही भेटलं पाहिजे. त्यासाठी नवी लेन्स लागत नाही, आणि मेसच्या बिलातूनही काही वळतं करावं लागत नाही!