मधला तुकडा

दुपारचे दोन वाजलेत. खिडकीबाहेर अटलांटिक महासागर, टेबलावर कडक इस्त्रीचा पांढराशुभ्र कपडा आणि समोरच्या खुर्चीत माझी आई. आई मेन्यूकार्डाच्या उजवीकडचे आकडे वाचतेय आणि प्रत्येक आकड्याला शंभरने गुणतेय. तेही मोठ्याने!

‘अगं, नऊशे रुपयांचे बटाटे? उकडलेले?’

दोस्तहो, वेलकम टू कादिझ!

स्पेनच्या नैर्ऋत्य टोकाला समुद्रात घुसलेल्या जमिनीच्या एका चिंचोळ्या पट्टीवर हे शहर वसलंय. फिनिशियन व्यापाऱ्यांनी सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी वसवलेलं. १४९३ मध्ये कोलंबस त्याच्या दुसऱ्या सफरीवर निघाला तो इथूनच. आणि एवढ्याने इम्प्रेस झाला नसाल, तर २००२ चा ‘डाय अनदर डे’ आठवा. केशरी बिकिनीतली हॅली बेरी ज्या ‘क्युबा’च्या समुद्रातून बाहेर येते, तो समुद्र क्युबाचा नाहीच. तो कादिझच्या ‘ला कालेता’ बीचचा आहे!

दादा नोकरीनिमित्त सेव्हिलला असतो. मे महिन्यात आई आणि मी त्याच्याकडे गेलो होतो. बत्तीस वर्षं शाळेत शिकवून रिटायर झालेल्या आईची ही पहिली परदेशवारी. ‘कादिझला जा, एक दिवस मस्त तापास लंच करा,’ असं सांगून दादाने टेबल बुक केलं आणि स्वतः ऑफिसला गेला. बिल मात्र मी देणार होते. फ्रीलान्सर असले तरी एकदा आईला ‘फाइन डायनिंग’ म्हणजे काय ते दाखवायचंच, असं मी ठरवलं होतं. (खरं सांगायचं तर या कॉलमसाठी मसालाही हवाच होता!)

आता थोडा तापासचा फंडा. ‘तापा’ म्हणजे झाकण. गोष्ट अशी सांगतात की, राजा तेरावा आल्फोन्सो कादिझजवळच्या एका खाणावळीत थांबला होता. वारा सुटलेला. ग्लासात वाळू पडू नये म्हणून वेटरने त्यावर हॅमचा काप ठेवला. राजाने वाइन प्यायली, झाकण खाल्लं आणि फर्मावलं, ‘आणखी एक आणा, असंच झाकण ठेवून!’ ही दंतकथाच, पण कादिझचा वारा पाहिल्यावर पटते. इथे पूर्वेकडून ‘लेवान्ते’ नावाचा वारा सुटला, की छत्र्या-टोप्यांची काही खैर नसते.

एरवी तापास म्हणजे बारमध्ये उभ्याउभ्या खायची चीज. एका बारमध्ये एक तापा, दुसऱ्यात दुसरा. पण आमच्या रेस्टॉरंटमध्ये त्याच पदार्थांना सूटबूट घालून एकेक कोर्स म्हणून टेबलावर आणतात. घास दोन-तीनच, पण कोर्स सात! आईने हे ऐकलं आणि म्हणाली, ‘म्हणजे चाखायलाच देणार. येताना केळी घेतली असती तर बरं झालं असतं.’

पहिले आले ते नऊशे रुपयांचे बटाटे. ‘पापास आलिन्यास’. उकडलेले बटाटे, कांदा, पार्सली, ऑलिव्ह ऑइल आणि शेरीपासून बनवलेलं व्हिनेगर. एवढंच. पण व्हिनेगर असं काही मुरलेलं, की आईने दुसरा घास घेताना गुणाकार केला नाही.

मग ‘मोहामा’. ट्यूनाचा मांसल भाग मिठात ठेवून वाऱ्यावर सुकवायचा, कागदासारखे पातळ काप काढायचे, वर तेलाची धार आणि सोबत बदाम. आईने एक काप नाकाजवळ नेला आणि तिचा चेहरा उजळला. ‘अगं, ही तर सुकी मासळी! आमच्या आजीचं पावसाळ्यातलं डबोलं.’ वाळवणाला इतका मान मिळालेला तिने आयुष्यात पाहिला नव्हता. आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये सुकट भाजली, की खालचे काका दोन दिवस बोलत नाहीत.

तिसऱ्या कोर्सला तर कमालच झाली. ‘तोर्तियितास दे कामारोनेस’. बशीएवढी जाळीदार, कुरकुरीत चकती. आईने तुकडा मोडला, चावला आणि परीक्षेचा पेपर तपासावा तशी म्हणाली, ‘बेसन आहे. जवळा आहे. कांदा आहे. ही ओल्या जवळ्याची भजी आहेत!’

बॉस, ती शंभर टक्के बरोबर होती. हरभऱ्याचं आणि गव्हाचं पीठ, इवल्या इवल्या सालासकटच्या कोळंब्या, कांदा, पार्सली. फक्त पीठ खूप पातळ भिजवतात आणि गरम तेलात पसरून सोडतात, म्हणून अशी जाळी पडते. रत्नागिरीची आमची आजी आणि कादिझची कुठलीतरी आजी एकमेकींना न भेटता एकाच कढईपाशी पोचल्या होत्या!

चौथा कोर्स ‘कासोन एन आदोबो’. जिरं, लसूण, ओरेगानो, लाल पाप्रिका आणि व्हिनेगरमध्ये मुरवून तळलेला छोटा शार्क. ‘मोरी,’ आईने एका सेकंदात ओळखली.

इथपर्यंत सगळं भन्नाट चाललं होतं. पण मला एक गोष्ट दिसत होती. प्रत्येक कोर्सला आईच्या प्लेटमधलं अर्धं माझ्या प्लेटमध्ये येत होतं. अर्धी भजी. मोरीचे दोन तुकडे. मोहामाचे काप तर तिने मोजून सरकवले. मी नको म्हटलं की, ‘खा गं, मला एवढं जात नाही.’

तुमच्याही घरी असंच असेल. आमच्याकडे रविवारी मासे आले, की आई सगळ्यांना वाढायची, भाकरी गरम गरम ताटात टाकायची आणि शेवटी स्वतः ओट्यापाशी उभी राहून जेवायची. मधले तुकडे बाबांना, दादाला आणि मला. तिला शेपटी. लहानपणी मी विचारलं होतं, तेव्हा म्हणाली होती, ‘मला शेपटीच आवडते.’ मी इतकी वर्षं हे खरं धरून चालले होते.

पाचव्या कोर्सला कच्चा ट्यूना आला. बारीक चिरलेला, गडद लाल, वर मीठ आणि तेल. आईने वेटरकडे पाहिलं आणि मला हळूच म्हणाली, ‘अगं, हे शिजवायचं राहिलंय त्यांचं.’ आणि चमच्याने सगळंच्या सगळं माझ्या प्लेटमध्ये लोटायला लागली. शेजारच्या टेबलावरचं जोडपं आमच्याकडे पाहतंय असं मला वाटलं. मी फोटो काढायच्या तयारीत, आणि माझ्या सुंदर प्लेटवर हा ढिगारा!

‘आई, प्लीज! आपण घरी नाही आहोत. तुझं तू खा ना!’

आवाज जरा जास्तच चढला. आईने चमचा खाली ठेवला. नॅपकिनची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली आणि समुद्राकडे बघत बसली. मला वाईट वाटलं, पण ‘सॉरी’ म्हणायला तोंड उघडेना. आई-मुलींची भांडणं कशी असतात, तुम्हाला माहितीय.

आमचा वेटर साठीच्या आसपासचा होता. त्याने आईची प्लेट पाहिली आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत मला विचारलं, ‘सेन्योराला आवडलं नाही?’ मी म्हटलं, ती कच्चं खात नाही. त्याने मान हलवली आणि दोन्ही प्लेट्स उचलून नेल्या. माझीसुद्धा! दहा मिनिटांनी तो परत आला, तेव्हा हातात एकच प्लेट होती. ट्यूनाचा तुकडा, दोन्ही बाजूंनी खरपूस भाजलेला, वाफाळता. त्याने ती आईसमोर ठेवली, स्वतःच्या पोटावर हात फिरवून दाखवला (म्हणजे, हा पोटाकडचा भाग!), मग वाफेकडे बोट दाखवलं आणि हाताने खूण केली: गार व्हायच्या आत खा.

गार व्हायच्या आत खा! हे वाक्य आईने आम्हाला किती हजार वेळा ऐकवलं असेल. तिला ते कोणी म्हटल्याचं मला तरी आठवत नाही.

दुसरी प्लेट नव्हती. वेटर जागचा हलत नव्हता. आईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ‘खा.’ तिने खाल्लं. पहिला घास, दुसरा घास, एकही तुकडा इकडे-तिकडे न करता पूर्ण प्लेट.

त्या तुकड्याचीही एक कहाणी आहे. वसंतात ब्लूफिन ट्यूनाचे थवे अंडी घालायला अटलांटिकमधून भूमध्य समुद्रात जातात, तेव्हा या किनाऱ्यावर जाळ्यांचा एक चक्रव्यूह मांडतात. त्याला ‘आल्माद्राबा’ म्हणतात. पद्धत फिनिशियनांच्या काळापासूनची. मध्यंतरी या माशाची इतकी मासेमारी झाली, की तो संपतोय की काय अशी वेळ आली. मग पकडण्यावर कडक मर्यादा आल्या आणि २०२१ मध्ये अटलांटिक ब्लूफिन धोक्याच्या यादीतून बाहेर पडला. पोटाकडचा भाग, ‘वेंत्रेस्का’, सगळ्यात मऊ आणि सगळ्यात महाग. लोण्यासारखा विरघळतो, असं मी फक्त लिहू शकते. मला मिळालाच नाही!

प्लेट रिकामी झाल्यावर मी विचारलं, ‘आई, तुला शेपटी खरंच आवडायची?’

ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, ‘तसं काही नाही गं. पण मधला तुकडा कधी खाऊन बघितलाच नाही. मग काय आवडतं ते कसं कळणार?’

त्यात तक्रार नव्हती. गणिताचं उत्तर सांगावं तसं तिने सांगितलं. मग मला ‘सॉरी’ म्हणता आलं.

सहावा कोर्स होता बकरीच्या दुधाचं ‘पायोयो’ चीज. सातवं गोड, ‘तोसिनो दे सिएलो’. अंड्याचा पिवळा बलक आणि साखरेचा पाक. शेरी स्वच्छ करायला पांढरा बलक वापरायचे, उरलेला पिवळा नन्सना द्यायचे आणि त्यांनी हे गोड शोधलं, असं सांगतात. ‘उरलेल्यातून सुचतं ते बायकांनाच,’ आई म्हणाली. स्वतःचा वाटा तिने स्वतःच संपवला आणि माझ्यातला एक चमचाही घेतला. न विचारता!

जेवण झालं तरी कोणी उठवलं नाही. स्पेनमध्ये याला ‘सोब्रेमेसा’ म्हणतात. जेवणानंतर टेबलावर रेंगाळत मारलेल्या गप्पा. आपण हात वाळेपर्यंत गप्पा मारतो ना, तेच! पाच वाजेपर्यंत बसलो. बाबांशी लग्न ठरलं तेव्हाचे किस्से मी पहिल्यांदा ऐकले. बिल आलं, दोघींचं मिळून माझ्या तीन लेखांच्या मानधनाएवढं. आई गुणाकार करायला लागली, मग थांबली. ‘जाऊ दे,’ म्हणाली.

स्पेनला जाणार असाल, तर काही टिप्स. दुपारचं जेवण फार लवकर मागू नका, किचन सुरू झालेलं नसतं. खिसा हलका असेल तर फाइन डायनिंग सोडा, हेच पदार्थ साध्या बारमध्ये उभ्याने खा. ‘तापा’ म्हणजे छोटी प्लेट, ‘मेदिया रासिओन’ म्हणजे मध्यम आणि ‘रासिओन’ म्हणजे मोठी. ऑर्डर देताना हे तीन शब्द पुरतात. टिपची सक्ती नाही. ट्यूना खायचा तर मे महिना बेस्ट.

आणि स्पेनला जाणार नसाल, तर येत्या रविवारी घरीच सात छोट्या प्लेट्स मांडा. जवळ्याची भजी, उकडलेले बटाटे, काहीही चालेल. अट एकच: आईने ओट्यापाशी जायचं नाही.

आम्ही परत आल्यावर गेल्या रविवारी सुरमई आणली. वाढायला मी घेतलं. आईला बसवलं, तरी ती भाकरीसाठी दोनदा उठलीच. सवय थोडीच जाते? मासे वाढताना तिचा हात शेपटीकडे गेला. मग थांबला. तिने मधला तुकडा उचलला, काटा बाजूला काढला आणि निवांत खाल्ला.

‘मधलाच आवडतो गं मला,’ ती म्हणाली.