उंबरठ्याआतील सत्ता कोणाची?

बड्या भांडवलाविरुद्ध ठराव संमत करणाऱ्या कार्यकर्त्याच्या घरच्या भिंतीवर आज एक पांढरी डबी लुकलुकत असते. ती कोणाच्या हुकमतीखाली चालते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. वरकरणी तो तांत्रिक वाटतो. वस्तुतः तो मालकीचा व अधिकाराचा, म्हणजेच राजकीय प्रश्न आहे.

पुणे-सोलापूर हमरस्त्यावरील टेंभुर्णीसारख्या बाजारपेठेच्या आणि औद्योगिक वसाहतीच्या गावात घर, दुकान, पतसंस्था या साऱ्यांचे व्यवहार आता प्रकाशतंतूवरून चालतात. हा तंतू जिथे घरात संपतो तिथे जी डबी बसते तिला तंत्रज्ञ ओएनटी म्हणतात. तंतूतून आलेल्या प्रकाशाचे विद्युतसंकेतात व विद्युतसंकेताचे प्रकाशात रूपांतर करणे, एवढेच तिचे मूळ काम. परंतु कंपन्यांनी त्याच डबीत दुसरे काम घातले आहे: घरातील प्रत्येक फोनला व संगणकाला अंतर्गत पत्ता देणे, कोणती वाहतूक आत यावी हे ठरविणे आणि वाय-फाय पसरविणे. हे दुसरे काम राउटरचे; पहिले तारेचे, दुसरे घराचे. दोन्ही एका डबीत कोंबल्यामुळे तारेच्या मालकाला घराचीही किल्ली मिळाली आहे. दूरस्थ व्यवस्थापनाच्या सोयीमुळे कंपनीला आपल्या कचेरीत बसून या डबीची मांडणी बदलता येते, वाय-फायचा परवलीचा शब्द बदलता येतो, घरात किती उपकरणे जोडली आहेत हेही पाहता येते.

ही दोन कामे पुन्हा वेगळी करण्याच्या व्यवस्थेला ‘ब्रिज मोड’ म्हणतात. तीत ओएनटी केवळ पूल होऊन राहते. संकेत पलीकडे पोचविते आणि थांबते. पत्तेवाटप, पहारा व वाय-फाय ग्राहकाच्या स्वतःच्या राउटरकडे जाते. ब्रिज न करता आपला राउटर मागे जोडला, तर पत्त्यांचे भाषांतर दोनदा होते आणि बाहेरगावाहून दुकानातील कॅमेरा पाहण्यासारखी साधी कामेही अडतात.

तारेच्या मालकीची सीमा कुठे संपावी, हे ठरविण्याची रीत या देशाला नवी नाही. टेंभुर्णीजवळच भीमेवर उजनीचे धरण आहे. कालव्याचे पाणी मोजून दारापर्यंत द्यावे आणि पुढचे वाटप शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थेने करावे, हेच तत्त्व महाराष्ट्राने 2005 च्या सिंचन व्यवस्थापन कायद्यात मान्य केले. वीज कायदा, 2003 च्या 55 व्या कलमाने तर मीटरदेखील स्वतः विकत घेण्याचा पर्याय ग्राहकाला दिला. आणि मीटरच्या पुढे घरात कोणता पंखा लावावा हे कोणतीही वीज कंपनी सांगत नाही. मग तंतूच्या बाबतीतच पुरवठादाराने माजघरापर्यंत का यावे?

अमेरिकेत टेलिफोनच्या मक्तेदारीनेही बाहेरचे उपकरण जोडण्यास अशीच मनाई केली होती. 1968 च्या ‘कार्टरफोन’ निर्णयाने ती मोडली आणि पुढे मोडेमला सामान्य घरात शिरण्याची वाट मोकळी झाली. जर्मनीने 1 ऑगस्ट 2016 पासून कायद्यानेच ठरविले की कंपनीचे जाळे भिंतीवरील खोबणीपाशी संपते. पुढचे उपकरण ग्राहक निवडील.

कंपन्यांचा पहिला आक्षेप सुरक्षिततेचा. एकाच तंतूवर अनेक घरे असतात आणि एखादी बिघडलेली ओएनटी वेळ सोडून प्रकाश फेकू लागली तर शेजाऱ्यांची सेवा कोलमडते, हे खरे. परंतु ब्रिज मोडमध्ये ओएनटी कंपनीचीच राहते; हा आक्षेप मागणीला लागूच पडत नाही. उलट सर्व किल्ल्या एका हाती असण्याचाही धोका असतो. नोव्हेंबर 2016 मध्ये जर्मनीतच दूरस्थ व्यवस्थापनाच्या उघड्या दारावर हल्ला झाला आणि डॉइश टेलिकॉमच्या सुमारे 9 लाख ग्राहकांची सेवा विस्कळीत झाली.

दुसरा आक्षेप आपल्याच गोटातून येतो: ही सुखवस्तूंची हौस आहे. राउटरसाठी जादा पैसे लागतात आणि तो अद्ययावत ठेवण्याची जबाबदारी अंगावर येते, हे नाकारण्याचे कारण नाही. बहुसंख्य घरांना याची गरज पडणारही नाही. परंतु गरज पडते ती पतसंस्थेला, जिला सभासदांचे हिशेब पाहुण्यांच्या वाय-फायपासून वेगळे ठेवायचे आहेत. शाळेला, वाचनालयाला, लहान कारखान्याला. शिवाय हक्क सर्वांनी रोज वापरावा लागत नाही. तो आहे एवढ्यानेच बलिष्ठाचा हात आखडतो. ग्रामपंचायतींपर्यंत तंतू नेणारी भारतनेट योजना 2011 मध्ये मंजूर झाली ती दूरसंचार महसुलावरील सार्वत्रिक सेवेच्या निधीतून. सार्वजनिक पैशाने गावापर्यंत आलेली वाट घराच्या दारात खाजगी कुलपाने बंद व्हावी, हे समाजवाद्यांनी मुकाट्याने पाहावे काय?

कार्यकर्त्यांनी प्रथम हे काम समजून घ्यावे. पुरवठादाराकडे लेखी मागणी करावी: जोडणी ब्रिजमध्ये टाकावी आणि पीपीपीओईचे वापरनाव, परवलीचा शब्द व व्हीलॅन क्रमांक द्यावा. बदलापूर्वी जुन्या मांडणीची नोंद ठेवावी आणि त्याच डबीवर दूरध्वनी असेल तर त्याची सेवा स्वतंत्र चालू राहील याची खात्री करून घ्यावी. नंतर ओएनटीचे वाय-फाय व पत्तेवाटप बंद करून तिची तार आपल्या राउटरच्या ‘वॅन’ खोबणीत जोडावी, मिळालेली माहिती तिथे भरावी, पाकिटाचा कमाल आकार 1492 ठेवावा आणि कारखान्याने दिलेला परवलीचा शब्द त्याच दिवशी बदलावा. एक सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटण्याची कंपनीची पद्धत यामुळे बदलत नाही, हेही लोकांना स्पष्ट सांगावे. अर्धसत्यावर चळवळ उभी राहत नाही.

परंतु केवळ जाणकारांनी आपापली घरे सोडवून घेणे म्हणजे चळवळ नव्हे. आज ब्रिज मोड मिळणे न मिळणे तंत्रज्ञाच्या मर्जीवर सोडले जाते. आणि मर्जीने मिळते ती सवलत, हक्क नव्हे. म्हणून मागणी अशी हवी: ग्राहकाने लेखी मागताच ठराविक मुदतीत, जादा शुल्क न घेता ब्रिज मोड देणे प्रत्येक पुरवठादारावर नियामक प्राधिकरणाने बंधनकारक करावे; ही सोय जोडणीच्या अर्जावरच मराठीत छापावी; आणि नकार दिल्यास कारण लेखी द्यावे लागावे. ग्रामसभेत, ग्राहक पंचायतीत, पतसंस्थांच्या वार्षिक सभेत हा ठराव मांडता येईल. तार कंपनीची असेल. उंबरठ्याच्या आतले घर राहणाऱ्याचेच आहे.