योनाच्या समुद्रातील रहिवासी



योम किप्पूरच्या दिवशी मिन्हाच्या वेळी आपण योना नबीचे पुस्तक ऐकतो. योना याफोच्या बंदरातूनच जहाजात बसला. त्याला गिळणाऱ्या प्राण्यास मूळ हिब्रूत ‘दाग गादोल’, म्हणजे मोठा मासा, एवढेच म्हटले आहे. पण आपल्या मनश्चक्षूंपुढे उभा राहतो तो देवमासा. वास्तविक देवमासा आणि डॉल्फिन हे मासेच नव्हेत. ते फुप्फुसांनी श्वास घेतात, पिलांना जन्म देतात व दूध पाजतात.

उन्हाळ्यात पुष्कळ कुटुंबे नावेतून सहलीस जातात, म्हणून हा विषय आज घेतला आहे. अलिबाग-मुरुडकडे वाढलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना किनाऱ्याजवळ पोहणारे, पाठीवर उंचवटा असलेले डॉल्फिन परिचित असतील. इस्राएलच्या भूमध्य किनाऱ्यावर मुख्यतः आढळतो तो बाटलीसारख्या तोंडाचा डॉल्फिन. अश्दोदच्या समुद्रात दुसऱ्या एका जातीचा लहानसा कळपही दिसतो.

बाटलीतोंडे डॉल्फिन जाळी ओढणाऱ्या ट्रॉलरांच्या मागोमाग फिरतात, कारण तेथे अन्न आयते मिळते. परंतु हाच लोभ कधी कधी त्यांच्या जिवावर बेततो. जाळ्यात अडकलेल्या डॉल्फिनला श्वासासाठी वर येता येत नाही आणि समुद्रातच राहणारा हा जीव पाण्यात गुदमरून मरतो.

मोठ्या देवमाशाचे दर्शन येथे दुर्मिळ. मे १९१० नव्हे, तर अगदी अलीकडे, मे २०१० मध्ये हर्झलियासमोर एक करडा देवमासा दिसला, तेव्हा शास्त्रज्ञ चकित झाले. ही जात अटलांटिक महासागरातून अठराव्या शतकातच नाहीशी झाली होती. आज ती पॅसिफिकमध्ये राहते. तोच देवमासा सुमारे तीन आठवड्यांनी बार्सिलोनाजवळ दिसला. उत्तर ध्रुवाकडील बर्फ कमी झाल्याने त्याला वाट मिळाली असावी, असा तर्क आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये मात्र नित्झानीमच्या किनाऱ्यावर सुमारे १७ मीटर लांबीच्या देवमाशाचे प्रेत वाहत आले. त्याच दिवसांत किनाराभर डांबराचे गोळे पसरले होते.

तेव्हा सहलीस जाताना काही पथ्ये अवश्य पाळावीत. डॉल्फिन दिसताच नावाड्यास वेग कमी करण्यास सांगावे. कळपाच्या मधून नाव घालू नये, माता व पिलू यांच्यामध्ये तर मुळीच येऊ नये. त्यांना खाऊ घालू नये. प्लास्टिकची पिशवी पाण्यात टाकू नये. ते आपण होऊन जवळ आले तर आनंद मानावा. न आले तर पाठलाग करू नये.

योनाच्या पुस्तकाचा शेवट पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही. परमेश्वर नीनवेच्या माणसांबरोबर तेथील गुराढोरांचीही कीव करतो आणि तेथेच पुस्तक संपते. जी करुणा मुक्या गुरांना लाभली, ती समुद्रातील या जीवांनाही आपल्या हातून लाभावी. मुलांना नावेत बसविण्यापूर्वी एवढे अवश्य सांगावे.

शालोम.