बेटांवरची क्रूझ : झेंडा कोणाचा, फायदा कोणाचा?

कोच्चीहून लक्षद्वीपला प्रवासी कोणते जहाज नेणार, हे ते कोणत्या देशात नोंदले आहे यावरही ठरते.

नियम काय?
भारताच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात वाहतूक करण्यासाठी परदेशी जहाजाला नौवहन महासंचालकांचा परवाना लागतो. 1958 च्या कायद्यातले हे तत्त्व 2025 च्या तटीय नौवहन कायद्यातही आहे. भारतीय जहाजाला असा परवाना नको. परवाना देताना खलाशांचे नागरिकत्वही पाहिले जाते.

स्पर्धेवर परिणाम
भारतीय झेंड्याची मोठी क्रूझ जहाजे मोजकीच आहेत. नियम कडक ठेवला तर पर्याय कमी, तिकीट महाग. सैल केला तर परदेशी जहाजे येतात. पण भारतीय मालक मागे पडू शकतात. ऑक्टोबर 2023 मध्ये जीएसटी परिषदेने परदेशी जहाजांच्या किनारी फेऱ्यांना आयजीएसटी सवलतीची शिफारस केली. अट अशी, की सहा महिन्यांत जहाज पुन्हा परदेशी फेरीवर गेले पाहिजे. म्हणजे ही स्पर्धा हंगामापुरती.

तुमच्यासाठी अर्थ
बेटावरच्या रुग्णाला, विद्यार्थ्याला बारमाही जहाज लागते. ती गरज क्रूझ भागवत नाही. प्रशासनाच्या प्रवासी जहाजांच्या फेऱ्या टिकायलाच हव्यात. क्रूझवर नोकरी मिळत असल्यास करारात जहाजाचा झेंडा जरूर पाहा. वेतन आणि तक्रारीचे नियम बरेचसे त्यावरच अवलंबून असतात.