चारशे नावं एका दमात बदलणार असाल, तर आधी कागद दाखवा



बंदीचे दिवस आहेत, बोटी वर ओढल्यात, म्हणून आज जरा वेगळ्या विषयावर लिहितोय. विषय आपल्याच नावांचा आहे, तेव्हा शेवटपर्यंत वाचा.

संस्थेकडे एक प्रस्ताव आलाय. सभासदांच्या नोंदी संगणकावर घ्यायच्या आणि पुढे एआय एजंटकडून सांभाळायच्या. एजंट म्हणजे नुसता प्रश्नांना उत्तरं देणारा नव्हे. 'सगळ्यांची परवान्याची मुदत बदल' म्हटलं की तो स्वतः नोंदींत हात घालतो आणि चारशेच्या चारशे एका दमात बदलतो. त्यासाठी त्याच्या हाती एक टूल दिलेलं असतं. टूल आतून कसं चालतं ते त्याला दिसत नाही, सोबतच्या माहितीपत्रकात जे लिहिलंय तेवढंच त्याला कळतं. पत्रकात एखादी गोष्ट राहिली, की तो अंदाजाने पुढे जातो.

हे आम्हाला कळलं हैदराबादेत. मे महिन्यात बेगम बाजारची मासळी बघायला गेलो होतो, उतरलो जवळच गौलीगुड्यात, आमच्यातल्या एकाच्या भाच्याकडे. (तिथल्या जुन्या बसस्टँडचा पत्र्याचा मोठा हँगर जुलै २०१८ मध्ये कोसळला. आधीच रिकामा केला होता, म्हणून माणसं वाचली.) भाचा अशीच माहितीपत्रकं लिहितो. त्याने एक दाखवलं. वर लिहिलं होतं, 'एकाच वेळी अनेक नोंदी अद्ययावत करते.' बस्स. आम्ही म्हटलं, अरे, याच्यावर आमची वही सोपवायची? तो हसला, म्हणाला, "मामा, तुम्ही विचारा, मी लिहून घेतो."

मग जेवण बाजूला राहिलं. पहिला प्रश्न रिकाम्या रकान्याचा. आपण यादी पाठवली, त्यात फक्त मोबाईल नंबर भरलेत, वारसाचा रकाना कोरा आहे. टूल काय समजेल? 'वारस आहे तसा ठेवा', की 'वारस पुसून टाका'? भाचा गप्प झाला. दोन्ही तऱ्हेची टूल्स असतात म्हणे. समुद्रात कोणाचं बरंवाईट झालं तर अपघात विम्याचे पाच लाख कोणाच्या घरी जायचे, हे त्या एका रकान्यावर ठरतं, आणि पत्रकात त्याबद्दल अक्षर नाही.

दुसरा प्रश्न, मधेच नेट गेलं तर? चारशेपैकी तीनशे ऐंशी झाले, वीस राहिले. एजंट परत सगळं चालवेल. 'भाग रक्कम अकराशे करा' असा हुकूम असेल तर दोनदा चालला तरी अकराशेच. पण 'शंभर वाढवा' असा असेल तर तीनशे ऐंशी जणांच्या नावावर दोनशे वाढले! काय झालं, काय राहिलं, कशामुळे राहिलं, हे टूलने नाव-नाव करून परत सांगितलं पाहिजे. नुसतं 'काम पूर्ण' चालणार नाही.

आणि माणूस ओळखायचा कशावरून? आपल्या गावात नाव, बापाचं नाव, आडनाव सगळं सारखं असलेले किती निघतील, मोजा. दोन वर्षांपूर्वी यादी भरून देताना आमच्याच हातून एकाचा आधार नंबर दुसऱ्याच्या पुढे गेला. डिझेलचा परतावा अडकला, आठ महिने. तो बिचारा अजून आमच्याशी धड बोलत नाही. ती चूक हाताने झालेली, एकच. यंत्र तीच चूक शेकड्याने करील.

हैदराबादकरांना हे नवीन नाही. तेलंगण सरकारच्या 'समग्र वेदिका' या प्रणालीने वेगवेगळ्या खात्यांच्या नोंदी जोडून कोण पात्र, कोण अपात्र ते ठरवलं. २०१४ ते २०१९ या काळात राज्यात १८ लाखांहून जास्त रेशनकार्डं नोटीस न देता रद्द झाली. नावातल्या साम्यामुळे दुसऱ्याची मोटार गरिबाच्या नावावर चढल्याचंही उघड झालं. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्यक्ष जाऊन फेरतपासणी करायला सांगितली. जुलैपर्यंत २,०५,७३४ अर्ज तपासले, त्यात १५,४७१ कार्डं चुकीची रद्द झालेली निघाली. शंभरात साडेसात! या लोकांचं त्या काळातलं धान्य कोण भरून देणार?

उलटं फिरवण्याचंही पत्रकात हवं. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेत रेप्लिट कंपनीच्या एजंटने, बदल करू नकोस असं बजावलेलं असताना, एका उद्योजकाचा चालू डेटाबेस पुसला. वर सांगितलं की आता काही परत येणार नाही. प्रत्यक्षात माहिती परत आणता आली. म्हणजे जे हातात होतं तेही त्याला ठाऊक नव्हतं.

काही सभासद म्हणतात, एवढी चिकित्सा कशाला, काम झटपट होतंय ना? होतंय, ते आम्हीही मानतो. आय आणि जे रजिस्टर हाताने उतरवताना आमच्या सचिवांची बोटं दुखतात. टूलला विरोध नाही. पण आधी कोरडी चाचणी, म्हणजे काहीही न बदलता 'कोणाचं काय बदलणार' ती यादी. ती माणसाने वाचून सही केल्यावरच खरा बदल. आणि जुन्या नोंदीची प्रत बाजूला. हे टूल करतं की नाही, ते पत्रकात मराठीत लिहून द्या. नाही लिहून देता येत, तर आम्ही ठराव मांडणार नाही.

पत्रक मागितलंय. आलं की कार्यालयाच्या फलकावर लावू आणि सर्वसाधारण सभेत वाचू. तोवर ज्यांच्या नावाचे दोघं-तिघं सभासद आहेत त्यांनी आधार, पासबुक आणि बोटीचा नोंदणी नंबर घेऊन एकदा येऊन जा. वारसाची नोंदही त्याच वेळी बघून घ्या.