‘आयोलांथे’त राजकारण मूळचेच

संपादक महोदय,

गिल्बर्ट आणि सलिव्हन यांच्या ‘आयोलांथे’ या ऑपेराच्या दौऱ्यावरील प्रयोगाचे परीक्षण आपण छापले आहे. मुलांच्या परीकथेत दिग्दर्शकाने राजकारण घुसडले, हा त्यातला आक्षेप चुकीचा आहे. दुसरा अंक वेस्टमिन्स्टरला, संसदेच्या आवारातच घडतो. उमरावपद स्पर्धा परीक्षेने द्यावे, हे विधेयक मूळ संहितेतले, 1882 सालचे! मर्त्य माणसाशी लग्न करणाऱ्या परीला मृत्युदंड, हा कायदा लॉर्ड चॅन्सेलर एक ‘न’ घालून उलटवतो: लग्न न करणारीच मरेल. गिल्बर्ट स्वतः बॅरिस्टर होता; कायद्याच्या भाषेवरचा हा घाव मोठ्यांसाठीच आहे.

या प्रयोगातले पऱ्यांच्या केसांतले दिवे ही आजची चमकोगिरी नव्हे. सॅव्हॉय थिएटरातल्या मूळ निर्मितीतच प्रमुख पऱ्यांनी बॅटरीवरचे दिवे माळले होते.

फिरता प्रयोग म्हणजे ‘दुय्यम नक्कल’, हे परीक्षणातले म्हणणे तर अन्यायाचे आहे. मुळातच हा ऑपेरा एका रंगमंचापुरता नव्हता. 25 नोव्हेंबर 1882 रोजी लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये एकाच दिवशी पडदा उघडला, कारण अमेरिकेतल्या चोरट्या प्रयोगांना आळा घालायचा होता. पुढे गिल्बर्ट-सलिव्हनचे ऑपेरा सादर करणारी डॉयली कार्ट कंपनी 1982 पर्यंत ही परंपरा गावोगावी नेत राहिली.

दुसरा अंक लांबतो, एवढे मान्य. बाकीची दुरुस्ती छापावी.

आपला,
एक वाचक